पाण्यातला हात

"मामा, पाण्यात हात नाही घालायचा."

माशांची डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली, पण मामांचा हात तिथंच अडला. पाण्याच्या वर चार बोटं, पंजा उघडा, कुणाच्या डोक्यावर ठेवायला निघालेला हात मध्येच थांबावा तसा. खाली टाकीत थोरली येऊन उभी होती, रोजच्यासारखी. तिचं ते जाड ओठांचं तोंड पाण्याबाहेर यायचं, मिटायचं, पुन्हा यायचं. वर हात दिसतोय आणि खाली का येत नाही, हे काही तिला उमजेना. मामांना तरी कुठं उमजत होतं? त्यांनी हात मागं घेतला आणि काय करावं ते न सुचून खिशात कोंबला. सकाळच्या वेळी खिशात कोरडा हात असणं ही त्यांच्यासाठी नवीच गोष्ट होती. आत एक चावी होती, एक दोऱ्याचा गुंडा होता. दोन्ही परक्याचे असावेत तसे लागले.

झालं ते इतकंच. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी बोट दाखवलं नाही. पण माणसाचं कसं असतं बघा, अख्खा जिना गडगडत खाली आला तर उठतो, कपडे झटकतो आणि चालायला लागतो. आणि अंधारात एखादी पायरी आहे असं वाटून पाय टाकावा, ती नसावी, एवढ्यानं दिवसभर प्रत्येक पाऊल चाचपून टाकतो. मामांचं तसं झालं. घरी जायच्या बसमध्ये बसले. हात मांडीवर पालथे ठेवले होते आणि मामा त्या हातांकडे बघत होते. उभा जन्म पाण्यात गेलेले हात. बोटांची टोकं कायमची सुरकुतलेली, नखं पांढुरकी, मनगटापर्यंत कातडीचा रंग एक आणि वर दुसरा. शेजारच्या बाईनं नाकाशी पदर धरला आणि खिडकीकडे सरकली. त्याचं काही नाही, ते रोजचंच. रोज मामा मनात म्हणायचे, बाई, हा वास नाही, ही कमाई आहे. आज काही म्हणाले नाहीत. आज त्यांना वाटलं, सरक बाई, अजून थोडी सरक.

हॅचरीत, म्हणजे जिथं माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवतात त्या जागी, मामा लागले ते मिसरूड फुटायच्या आधी. काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांना थर्मामीटरचा भारी राग. "काचेची नळी पाण्याचा ताप सांगते रे," म्हणायचे, "माशाचं मन नाही सांगत. हात घाल. गप ठेव. जो मासा जवळ येतो तो धडधाकट. जो येत नाही, त्याच्याकडे तू जा." तेव्हापासून रोज सकाळी, दात घासल्यासारखं, मामा बाह्या वर करून एकेका टाकीत हात घालून बसायचे. बोटाएवढी पिल्लं असतात, बोटुकली म्हणतात त्यांना, ती येऊन बोटं लुचायची. गुदगुल्या व्हायच्या. माद्यांच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची वेळ आली, की मालक म्हणायचा, मामांना बोलवा, त्यांच्या हाताला गुण आहे. दुसऱ्या कुणी धरली तर मादी फडफडायची, शेपटीनं थोबाडीत द्यायची. मामांनी धरली की अंग सैल सोडायची. आणि थोरली तर काय, सगळ्या कार्प माशांची आईच म्हणा. पाठ पितळेच्या जुन्या भांड्यासारखी, एका बाजूला खवला उडालेला. शहरातल्या बागांच्या, बंगल्यांच्या, शाळांच्या तळ्यांत जेवढे कार्प तोंड उघडून फिरतात त्यातले निम्मे तिचे लेक, नाहीतर नातवंडं. मामांना कुठं तळं दिसलं की ते काठाशी जाऊन कुणाकुणाचा तोंडवळा थोरलीवर गेलाय ते बघायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी पाण्यात पडलंय.

आणि तरी हॅचरीत रोग शिरावा तो मामांच्याच हातून? तसं पाहिलं तर हॅचरीत शिस्त मोठी. बाहेरून नवा माल आला की तो वेगळ्या टाकीत. ती टाकी पार कोपऱ्यात, पत्र्याच्या आडोशाला. तिचं जाळं वेगळं, दांड्याला लाल चिंधी बांधलेलं. बादली वेगळी. आत जाताना औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे, निघताना पुन्हा बुडवायचे. लंबूनं, म्हणजे मामांच्या हाताखालच्या त्या ताडमाड गड्यानं, एकदा लाल चिंधीचं जाळं थोरलीच्या टाकीला नुसतं टेकवलं, तर मामांनी त्याला उभा-आडवा झाडला होता. "तुझ्या लग्नात नवरी बदलली तर चालेल का रे?" लंबू म्हणाला होता, "मामा, आधी एक तरी मिळू दे, मग बदलू." तर अशी शिस्त. ऊन तापायला लागलं त्या सुमाराला नवे मासे आले, ते कोपऱ्यात घोळका करून बसले. खाईनात. मामांना राहवेना. परक्या घरात आलेत बिचारे, म्हणाले, आणि बूट बुडवून आत गेले, बाह्या वर केल्या, हात घातला. बराच वेळ कुणी आलं नाही. मग एक लहानसा आला, बोटाला नाक लावलं, गेला. मामांना इतकं बरं वाटलं! निघताना त्यांनी बूट पुन्हा नीट बुडवले, जाळं जागेवर टांगलं, हात विजारीला पुसला, आणि थोरली वाट बघत असेल म्हणून पाय उचलून तिकडे गेले. जाळं हे सामान. बादली हे सामान. बूट हे सामान. हात म्हणजे मामा. मामांना कोण औषधात बुडवणार?

पुढं काय झालं तेही आधी हातालाच कळलं, ही गंमत बघा. माशाचं अंग कसं, साबण लावल्यासारखं असतं. एका सकाळी एका नराच्या पाठीवरून बोट फिरवलं तर ते लाकूड घासायच्या कागदासारखं खरखरीत लागलं. मामांनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. खरखर. मग माशांचे डोळे आत गेले. मग कल्ल्यांच्या लाल पाकळ्यांवर चुना उडाल्यासारखे पांढरे डाग. मग लंबू टोपल्या भरभरून मेलेले मासे नेऊ लागला. टोपली उचलताना तो मामांकडे बघायचा नाही. थोरलीनंही खाणं सोडलं. टाकीच्या तळाशी डोकं खाली करून उभी राहायची, रुसल्यासारखी. मामा तिच्या काठाशी डबा उघडून जेवायला बसायचे आणि तसाच झाकायचे. आणि मग एक दिवस ती वर आली. हळूच, कडेकडेनं, पण आली, आणि तिनं मामांचं मधलं बोट तोंडात धरलं.

मामांनी त्या दिवशी लंबूला चहा पाजला. आणि आज सकाळी डॉक्टरीणबाई आल्या आल्या तिला ओढतच टाकीकडे नेलं होतं. "बघा की, कशी टवटवीत झालीय. एवढे गेले, ही तरली. हिच्यातच काहीतरी दणकट आहे. हिची पिल्लं अशीच निघतील." डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीच्या वयाची. तिनं थोरलीकडे बघितलं, मग टाकीच्या काठाकडे.

"तरली हाच तर घोळ आहे, मामा. रोग गेला नाहीये. झोपलाय तिच्या अंगात. पाणी तापलं, हिला हलवली, ही दमली, की उठेल. हिला कदाचित काही व्हायचं नाही. शेजारपाजारच्यांना होईल."

"औषध?"

"नाही त्याला."

"वेगळी ठेवली तर?"

"किती दिवस? आणि तिचं पाणी जाणार कुठं? मोरीतून गटारात, गटारातून नदीत. उरलेत ते सगळेच काढून मारायचे. उद्या दुपारनंतर."

"माणसाला होतो का हो बाई?" लंबूनं विचारलं.

"माणसाला नाही. माणूस नुसता पोचवतो. जाळ्यानं, बादलीनं. ओल्या हातानं."

"म्हणजे बसच की," लंबू म्हणाला. "मामा, तुम्ही बस निघालात." कुणी हसलं नाही. मग लंबूचाही चेहरा पडला आणि तो उगाच एक कोरडी बादली उचलून पलीकडे ठेवून आला. "नक्की सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई घाईनं म्हणाली. "एखाद्या पाखरानंही आणला असेल." आणि तेव्हाच, जुन्या सवयीनं, मामांचा हात पाण्याकडे गेला होता.

बसमध्ये मामांनी ते पाखरू मनात पुष्कळ शोधलं. बगळा येतो कधीमधी. खंड्या येतो. पण प्रत्येक वेळी पाखरू पाण्यावर उतरलं, की त्याला पाच बोटं असायची. मालकाचंही तसंच. साधं जाळं फाटलं तर सात पिढ्या उद्धरणारा माणूस, निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चालायचंच, मामा. घरी जा आज." अरे, शिवी घाल की! शिवी घातली असती तर मामांनी तोंड वर करून एक परत दिली असती, आणि दोघं मोकळे झाले असते. चांगलं वागणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

घरी आल्यावर मामांनी मोरीतला निळा ड्रम रिकामा केला. बायको इथं असताना त्यात पाणी साठवायचे, आता एकट्याला बादली पुरते. आतून घासला, नळाखाली लावला, भरला, आणि झाकण न लावता ठेवला. नळाच्या पाण्यात औषध असतं, रात्रभर उघडं राहिलं की ते उडून जातं, मग मासा राहू शकतो. हे सगळं करताना आपण काय करतोय ते त्यांनी स्वतःला सांगितलं नव्हतं. हातच करत होते. उद्या टाकीतून मासे मामांनाच काढायचे होते. जाड पिशवीत पाणी भरायचं, वर गोणपाट गुंडाळायचं, मागच्या दारानं बाहेर. एक कमी निघाली तर लंबू आभाळाकडे बघेल, तेवढं जाणतो तो. नदी नाही, तळं नाही, कुणाला धोका नाही. ती आणि मामा. मोरीचं पाणी? ते बादल्यांनी काढू, औषध टाकून मग ओतू. त्यात काय! सकाळी उठून त्यांनी पहिल्यांदा ड्रमात डोकावलं. पाणी शांत, निळसर काळं. त्यांचं तोंड त्यात दिसत होतं आणि मागं मोरीचा दिवा.

बायको लेकीकडे गेली ती बाळंतपणाला. दोन महिन्यांत येते म्हणाली. मग बाळाला दात आले. मग बाळ चालायला लागलं, त्याच्या मागं पळायला कोण? मग लेकीची नोकरी, मग बाळाची शाळा. भांडण नाही, तंटा नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. खोलीत दोन कप अजून आहेत, एक रोज वापरातला आणि एक पालथा. लग्न नवं होतं तेव्हा तिला एकदा सडकून ताप आला होता. मामा कामावरून आले तर तिनं त्यांचा हात ओढून कपाळावर ठेवला, आणि दुसरा डोळ्यांवर. "किती गार आहेत," म्हणाली, "तुमचे हात तापातच कामाचे." रात्रभर मामा तसेच बसून, पाठीला रग लागली तरी हलले नाहीत. पुढं पुढं ती म्हणायची, आधी हात धुऊन या, वास येतो. मग ते धुऊन यायचे. मग धुवायचा कंटाळा यायचा. मग हात लावायचंच राहून जायला लागलं, एक दिवस, दुसरा दिवस. कुणी ठरवलं थोडंच होतं. एकदा ती अंथरुणात कण्हत होती आणि मामा दारातूनच म्हणाले होते, बरं नाही का? तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, "माशांचं तुम्हाला हात लावून कळतं, माझं विचारूनसुद्धा कळत नाही." मामा हसले होते. त्यांना ते विनोदी वाटलं होतं. आता ड्रमाच्या काठाला टेकून उभे असताना त्यांना ते वाक्य नीट आठवलं, आणि तिचा आवाज कसा होता तेही.

फोन वाजला तो नेमका तेव्हाच. ती रोज दुपारच्या आधी करते, नातवाला शाळेतून आणायला जायच्या गडबडीत.

"जेवलात?"

"हो."

"काय?"

"होतं काहीतरी."

"होतं काहीतरी म्हणजे पातेलं चाटलंत. आणि आज मागं पंपाचा आवाज नाही, घरी कसे?"

"दुपारनंतर जायचंय." मामांनी मोरीकडे मान वळवली. "अगं, थोरलीला घरी आणावं म्हणतो."

"थोरली कोण? ती तुमची मासोळी? आणा की. पलंगावर माझी जागा रिकामीच आहे."

"थट्टा नको करू. ड्रम भरून ठेवलाय."

"त्यात ती मावेल का? तुम्हीच सांगायचात, पोरीएवढी लांब आहे म्हणून. आणि जोडीला कोण?"

"जोडीला कुणी नाही ठेवता येणार. तिच्यापासून दुसऱ्यांना धोका आहे."

"म्हणजे तुम्ही दिवसभर कामावर, आणि ती ड्रमात. अंधारात. अहो, ती काय माणूस आहे का, एकटी राहायला?"

ती हसतच म्हणाली. मग पलीकडे चपलांचा आवाज झाला, कुणीतरी हाक मारली, ती "आले गं" म्हणाली. मग तिलाच काहीतरी जाणवलं असावं. "गप का झालात?"

"नळ उघडा राहिलाय," मामा म्हणाले. नळ बंद होता.

फोन ठेवून त्यांनी ड्रमात हात घातला, पार बगलेपर्यंत. तळ लागला. वीतभर इकडे, वीतभर तिकडे, भिंत. थोरलीला वळायचं म्हटलं तर अंग कमानीसारखं वाकवावं लागेल. वळेल, पुन्हा वळेल. संध्याकाळी कुलपात चावी फिरली की वर येईल आणि तोंड उघडून थांबेल. हात येईल, बोटं लुचेल, हात जाईल. मग पुन्हा चावीची वाट. त्यात मामांना न कळण्यासारखं काय होतं? एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंतचा दिवस किती लांब असतो, ते त्यांना विचारा. त्यांनी हात बाहेर काढला. पिशवी आणि गोणपाट दारामागं घडी करून ठेवलं होतं, त्याकडे न बघता ते बाहेर पडले.

हॅचरीत लवंगेचा वास सुटला होता. मोठ्या घमेल्यात लवंगेचं तेल घातलेलं पाणी. त्यात माशाला आधी गुंगी येते, मग झोप, मग काही नाही. "दुखत नाही त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाली. मामांना दाढदुखी आठवली, बायकोनं लवंग कुटून दाढेत धरायला दिलेली. मान डोलावून त्यांनी रबरी हातमोजे चढवले. एकेक मासा लंबू जाळ्यात घ्यायचा, मामा उचलायचे, घमेल्यात ठेवायचे. मोज्यातून काही कळत नव्हतं, ते बरंच होतं. खरखरीत का बुळबुळीत, गार का ऊन, जिवंत का कसं, सगळं सारखंच. शेवटी थोरली राहिली. लंबूनं जाळं मामांच्या हातात दिलं आणि खरंच आभाळाकडे तोंड करून उभा राहिला. मागचं दार उघडं होतं, कुणीतरी मुद्दाम उघडं ठेवलं असावं तसं.

मामांनी जाळं खाली ठेवलं आणि पाण्यात हात घातला. थोरली आली, रबराला नाक लावलं, आणि वळून पार पलीकडच्या काठाला गेली. मामा थांबले. पुन्हा आली, पुन्हा गेली. परका माणूस आल्यावर पोर आत पळावं तशी. "बाई," मामा डॉक्टरीणबाईला म्हणाले, आणि मोज्यातले दोन्ही हात वर करून दाखवले.

डॉक्टरीणबाई जवळ आली. "काढा ते मोजे, मामा. आता रोग पुढं जायला हिच्या शेजारी कुणी नाही राहिलं. नंतर कोपरापर्यंत धुवा म्हणजे झालं."

त्यांनी मोजे काढले. हात पाण्यात गेला आणि थोरली आली, सरळ, घाईनं, उशीर का केला म्हटल्यासारखी, आणि मधलं बोट तिनं तोंडात धरलं. मामांनी दुसरा हात तिच्या पोटाखालून नेला. अंग साबणासारखं मऊ, सुळसुळीत. कल्ल्यांची उघडझाप एका लयीत. हात सांगत होता, धडधाकट आहे, सोड. या हातानं माशाच्या बाबतीत जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आजही तो खोटं सांगत नव्हता. तीच पंचाईत होती. मामांनी तिला उचललं. तिनं अंग सैल सोडलं, अंडी काढायच्या वेळी सोडायची तसं. दाराकडे चार पावलं, घमेल्याकडे चार पावलं. ते घमेल्याशी गुडघ्यावर बसले आणि तिला लवंगेच्या पाण्यात ठेवलं, पण हात काढले नाहीत. ती एकदा हलली. मग कुशीवर कलली, त्यांच्या तळव्यात. कल्ला उघडला, मिटला. उघडला. बऱ्याच वेळानं मिटला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "झालं, मामा." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मामा, झालं." मग लंबू येऊन त्यांच्या शेजारी उकिडवा बसला, आणि तेव्हा कुठं मामांनी हात बाहेर घेतले.

औषधाच्या पाण्यात त्यांनी कोपरापर्यंत हात बुडवले. चरचरलं. साबणानं धुतले, पुन्हा बुडवले. बसमध्ये शेजारचा माणूस हलला नाही, उलट डुलकी लागून त्यांच्या खांद्यावरच टेकला. मामांनी हात नाकाशी नेले. कसलाच वास नव्हता. दवाखान्याच्या फरशीला असतो तेवढा.

खोलीत उजेड अजून होता. मोरीत ड्रम भरलेला. त्यांनी तो ओतायला कलता केला, मग सरळ केला. बाह्या वर करून हात घातला आणि गप ठेवला, वस्तादांनी शिकवलं होतं तसा. जो येतो तो धडधाकट. पाणी दिवसभरात थोडं कोमट झालं होतं. कुणी आलं नाही. खोलीत फोन वाजायला लागला. आत्ता? या वेळी ती कधी करत नाही. मामांनी हात बाहेर काढला, पाऊल उचललं आणि अडले. ओला हात. त्यांनी साबण घेतला. बोटं एकेक करून धुतली, बेचक्यांतून, नखांतून, मनगटापर्यंत, टॉवेलनं पुसली, पुन्हा पुसली. फोन वाजत होता. हात पुरते कोरडे झाले तेव्हा तो थांबला.

खोलीत एकदम शांत झालं. एरवी ते म्हणाले असते, उद्या करेलच. त्यांनी फोन उचलून आपणच लावला, आणि तो कानाशी धरून, का कोण जाणे, परत मोरीत येऊन ड्रमाशी उभे राहिले.

"कुठं होतात?" बायको म्हणाली. "दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही माझा. मी आपली थट्टा केली, आणि तुम्ही गपच झालात. आणली का तिला?"

"नाही."

पलीकडे तिनं खोलीचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"फोन वाजला तेव्हा हात धूत होतो," मामा म्हणाले.

"मग? झाले स्वच्छ?"

"हं," मामा म्हणाले, आणि दुसरा, कोरडा हात त्यांनी हळूच पुन्हा पाण्यात घातला. "तुझी तब्येत कशी आहे गं?"